गुणिले चाळीस

३ जून
मुलीला कॉलेजचं पत्र आलं. केमिस्ट्रीची पदवी किंवा केमिकल इंजिनिअरिंग, दोन्हींपैकी एकाच मुलाखतीला बसता येईल. कुठल्या, ते वीस तारखेच्या आत कळवायचं, पालकांच्या सहीनिशी. म्हणजे माझ्या सहीनिशी. म्हणजे प्रश्न मिटला. केमिस्ट्री! मी स्वतः केमिस्ट्रीचा पदवीधर. शाम्पूच्या कारखान्यात लॅबमध्ये एकवीस वर्षं. मी पास म्हटल्याशिवाय एक बाटली गेटबाहेर पडत नाही. संध्याकाळी तिला शांतपणे समजावणार.

३ जून, संध्याकाळी
समजावलं. ती इंजिनिअरिंग म्हणते. शांतपणा टिकला नाही.

५ जून
यामागे मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ, खतांच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर. त्यानेच पोरीचे कान भरले. आज चहाला आला होता. सरळ विचारलं, तुमच्या इंजिनिअरिंगमध्ये असतं तरी काय? म्हणाला, दाजी, तुम्ही कपात करता ते आम्ही टाकीत करतो. मी म्हटलं, मग त्यात काय मोठंसं? चाळीसने गुणायचं की झालं! तो हसला. हसताना चहाचा ठसका लागला, ते बरं झालं.
निश्चय: गुणाकारासाठी पोरीची चार वर्षं वाया जाऊ देणार नाही.

७ जून
मुलगी म्हणते, बाबा, कपातलं लगेच निवतं, टाकीतलं आतल्या आत तापत राहतं, सगळा अभ्यास तिथेच आहे. मी म्हटलं, फुंकर मारायची. बायको म्हणाली, सही करून मोकळे व्हा. नाही होत!
माझं इंजिनिअर लोकांशी वैर नाही. प्लँटमधली मंडळी आम्हाला ‘बाटलीवाले’ म्हणतात. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. एकवीस वर्षांत एकदाही नाही.

९ जून
आता प्रत्यक्ष पुरावा. कपात साबण केला. तेल, कॉस्टिक सोडा, पाणी, थोडा संत्र्याचा वास. वडी अशी देखणी की बघत राहावं. मुलगी म्हणाली, छान झाली. आवाजात पराभव नव्हता.
पैज लावली. रविवारी हाच साबण बादलीत, चाळीस पट. जमला तर तिने केमिस्ट्रीला बसायचं. बिघडला तर मी तिला हवी तिथे सही करणार. तिने ताबडतोब हो म्हटलं. घाबरली असणार.
मेहुण्याला बघायला बोलावलं आहे.

१३ जून, सकाळी
बाथरूममध्ये जय्यत तयारी. हातमोजे, गॉगल, नवी बादली. मुलीने विचारलं, कॉस्टिकचं पाणी किती वेळ निवू देणार? कपाला दिला तेवढाच. घड्याळाला कप काय नि बादली काय!

१३ जून, दुपारी
बादली सदोष होती.

१३ जून, संध्याकाळी
सविस्तर लिहून ठेवतो, कारण घरात भलतीच हकिकत पसरते आहे. कॉस्टिकचं पाणी तेलात ओतलं. ढवळलं. मिश्रण घट्ट होऊ लागलं, तसं मी मेहुण्याकडे एक नजर टाकली. तेवढ्यात मधोमध फुगवटा आला. मेहुणा म्हणाला, दाजी, मागे व्हा. मी म्हटलं, केमिस्ट मागे हटत नाही. मग हटलो. उतू जाणाऱ्या दुधासारखा साबण वर आला, काठावरून उतरला, उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये गेला आणि दाराशी काढून ठेवलेल्या बुटांत शिरला. बूट मेहुण्याचे. एवढं एक चांगलं झालं.
मुलीने सगळ्यांना बाहेर काढलं. खिडक्या उघडल्या, माझे हातमोजे नि गॉगल मागून घेतले, मग मोरीच्या जाळीवर जुनी चादर दाबली. पाइपात गेला असता तर आत दगड झाला असता, असं मेहुणा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. बादलीत उरलेला साबण तिने उथळ ट्रेंमध्ये पसरला. पातळ थर लवकर निवतो म्हणे. मला हे सुचणारच होतं.
मेहुणा माझ्या चपला घालून घरी गेला.

१६ जून
नीट विचार केला. साबण झाला. पॅसेजमध्ये झाला, पण झाला. म्हणजे पैज माझीच. मुलीला तसं सांगितलं. ती तोंड फिरवून ट्रे आत ठेवायला गेली. डोळे भरलेले दिसले.
गॉगल अजून तिच्याकडेच आहे. मागितला नाही. खरं लिहायचं तर त्या दिवशी आम्ही तिघं मोठी माणसं भिंतीला चिकटलो होतो आणि एकटी तीच घाबरली नाही. मला फार अभिमान वाटला. हे कुणाला सांगायचं नाही.

१९ जून
इंजिनिअरिंगच्या रकान्याखाली सही केली. ही शरणागती नव्हे. पेन चालतं का बघत होतो.

२६ जून
मुलाखत झाली! मी बाहेर बाकावर होतो. मुलगी हसतच बाहेर आली, जागा पक्की. प्राध्यापकांनी विचारलं, हीच शाखा का? तिने उत्तर दिलं, बाबांमुळे. शेवटी लेकीला कळलं की! वाटेतच मेहुण्याला मुद्दाम फोन लावला. म्हटलं, ऐक, ती इंजिनिअर होणार, पण तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तो म्हणाला, हो दाजी, शंभर टक्के तुमच्यामुळे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो सज्जन माणूस वाटला.

२६ जून, जेवणानंतर
बायकोने उरलेलं सांगितलं. मुलीने मुलाखतीत बादलीची गोष्ट सांगितली, पार बुटांपर्यंत. प्राध्यापक इतके हसले की पुढचा प्रश्न विचारायचाच राहिला. हे उत्तर तिच्याकडून घोकून घ्यायला मेहुणा आठवडाभर रोज, मी कामावर असताना, येत होता.
माझ्या चपला घालून.