वामनभाऊंचा काळा दगड

सोनाळा, मंगळवार, संध्याकाळ

गॅसच्या लायटरने असहकार पुकारला आहे. राष्ट्राने दखल घ्यावी. शेवटी काडीने शेगडी पेटवली आणि वामनभाऊंच्या शेतातल्या बोअरमधून निघालेला काळा दगड ज्योतीवर धरला.

गेल्या आठवड्यात पारावर तो माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "सर, कोयसा हाय का हा?" मी भूगोलाचा मास्तर. म्हणालो, "आपल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणात कोयसा? काढा खाण, मले मुकादम ठेवा." सगळे हसले. तेव्हापासून भाऊ येत नाहीत. दुसरं कोण येतं माझ्याकडे?

दगड धुमसला, गंधकाचा वास आला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेली झाडं! खाणीपुरता नाही, पण कोळसाच. हसलो कशाला मी?

पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "भाऊ, कोयसाच हाय. मी चुकलो."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "बसा."