दोन टोपल्या चुनखडी

माय, परवा माझ्या सासरच्या वावरात पुन्हा सरकारी कारकून आले. मातीची प्रत ठरवणारे. कुदळीने खड्डा घेतात, गज रोवतात, काळी माती किती हात खोल आहे ते बघतात आणि त्यावर पुढच्या तीस वर्षांचा शेतसारा ठरतो. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभी होते. त्यांनी कुदळ मारायच्या आधीच मी सांगितलं, इथे दोन हातांवर पिवळी माती लागेल. लागली. तरुण कारकून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बाई, कुणी शिकवलं? मी म्हटलं, माह्या मायनं. घरी आले आणि धाकट्या लेकाच्या दौतीतली शाई घेऊन लिहायला बसले. त्याच्याच पाटीवरून मी अक्षरं गिरवली, तू गेल्यानंतर, म्हणून तुला ते ठाऊक नाही.

आपल्या गावात पहिली प्रतबंदी झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि साऱ्या वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापार कुठली तरी लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी आपल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याकडे आगगाडीचे रूळ सरकत होते. लोकांनी गायरान नांगरलं, खळ्याची जागा नांगरली, गाडीवाट दोन्ही अंगांनी कुरतडून इतकी अरुंद केली की समोरून गाडी आली की एकीला मागे रेटावं लागे. शेजारच्या दाराचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, म्हणत, "देवळाचा ओटा दगडाचा हाय म्हनून वाचला." आपलं वावर मात्र तू ताट वाढावं तसं वाढलं होतंस. खोल काळीत कापसाची पऱ्हाटी, मुरमाड चढावर ज्वारी, पाणी धरणाऱ्या सखलात जवस आणि नाल्याकाठची लांब पट्टी नुसत्या गवताला. बाबा कुरकुरत, गवताचा भाव काय आणि कापसाचा काय! तू भाकर थापता थापता विचारायचीस, "बैल कापूस खाते का?" मला त्या वयात ती नुसती गंमत वाटायची. पुढे लढाई संपली, भाव कोसळला, आणि सारं रान कापसाखाली घातलेल्या माझ्या सासरी तुझी ज्वारीची गाडी आली, तेव्हा मी त्या पोत्यांपुढे हात जोडले होते. हसू नकोस, खरंच जोडले होते.

पण लिहायचं आहे ते त्या चैत्राबद्दल. बाबा गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात गेलेले, आणि एकाच दिवशी दोन पाहुणे यायचे होते. सकाळी प्रतबंदीचा कारकून, आणि अंजनगावाहून तुझे होणारे इवाई, मुलाचे वडील. त्यांना आधी वावर बघायचं होतं, मग पोरगी. काकांनी आदल्या दिवशी दारात उभं राहून तुला सल्ला दिला, "वहिनी, कारकुनाच्या मानसानं खुंट्या ठोकल्या हाय, तिथंच खोदतीन. नाल्यातली चुनखडी आना अन् भेगांत सोडा. दोन टोपल्या. प्रत उतरते, सारा उतरते. समदं गाव करून राहिलं." तू म्हणालीस, "मातीले खोटं पाडू नाई, भाऊजी. अन् इवायाले काय दाखवू मंग?" काका हसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खुंटीवर कुदळ पडली आणि चुनखडीच चुनखडी निघाली. कारकुनाने मान हलवली. इवाई खड्ड्यात डोकावून म्हणाले, "अवघड हाय बाप्पा." तू बाभळीखालून उठलीस, पदर डोक्यावर ओढलास आणि सरळ खड्ड्यापाशी आलीस. एक खडा उचलून पदराला घासलास. "यावर रेती हाय, साहेब. माह्या वावरात रेती नाई. हे नाल्यातलं हाय. चार हात सरका अन् तिथं खोदा." कारकून म्हणाला, "बाई, तुम्हीच सारा वाढवून घेताय." तू म्हणालीस, "हाय तेवढाच घेऊन राहिली." मग तू पुढे आणि ते मागे. इथं तीन हात काळी, मंग पिवळी. इथं हातावर मुरूम, कापूस जळते, ज्वारीच घ्या. इथं पानी थांबते. चांगलं जसं सांगितलंस, तसंच वाईटही इवायासमोर सांगितलंस. दर वेळी गज खाली गेला आणि तू म्हणालीस तिथेच थांबला. कारकुनाचा रुबाब पाचव्या खड्ड्यापर्यंत टिकला. सहाव्याला त्याने तुझ्या बोलण्यावरच लिहिलं. ज्या मातीवर मी रोज अनवाणी फिरत होते ती आत कशी आहे हे कुणाला इतकं दिसू शकतं, हे मला कळतच नव्हतं. देवळातही मी कधी तशी उभी राहिले नव्हते.

सोयरीक झाली, आठ दिवसांवरचा मुहूर्त धरला. सारा वाढला. आणि त्या दिवसापासून तू काकांशी बोलली नाहीस. सणाचं ताट भिंतीपलीकडे गेलं नाही, ते समोर आले तर तू पाठ फिरवायचीस. चुनखडी त्यांनी टाकली यात तुला तिळमात्र शंका नव्हती. माय, ती मी टाकली होती. काकांचा सल्ला मी आतून ऐकला होता. त्याच दुपारी, सारे उन्हाने निजलेले असताना, दोन टोपल्या. सारा वाचवायला नाही. मला अंजनगावला जायचं नव्हतं. वावर नापसंत झालं की मीही नापसंत होईन, एवढीच माझी अक्कल. तुला साऱ्या मातीच्या पोटातलं दिसलं, पण शेजारी उभ्या पोरीचं तोंड तेवढं दिसलं नाही.

काकांनी मला नाल्यात टोपली भरताना पाहिलं होतं. हे मला गेल्या वर्षी कळलं, ते खाटेला खिळले तेव्हा. मी विचारलं, "काका, तुमी मायले सांगितलं कावून नाई?" ते म्हणाले, "लगीन आठ दिवसांवर होतं. मायचा राग घेऊन सासरी गेली असती, त माहेर कुठलं उरलं असतं तुले? मी त दाराशीच होतो, मी कुठं चाललो होतो. माह्यावरच राहू दे."

हा कागद आता कुठे पाठवू? घरात वाचता येणारी माणसं झाली आहेत, म्हणून घडी करून माझ्या पेटीत लुगड्यांखाली ठेवते. काका श्रावणात गेले. तेराव्याला पंगतीत कुणी तरी म्हणालं, "मानूस लाखाचा, पन एका खोटेपनापायी भावजयीच्या मनातून उतरला." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी वरण वाढत होते. पुढच्या पानावर गेले आणि वाढत राहिले.