वॉल्टरसाहेबांचा स्क्रेपर

सातपूर, नाशिक
४ ऑक्टोबर २०२५

चि. वेदिकास,
आबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या आजीचा गुडघा कुरकुरतो, पण येवल्याला लग्नाला जायचं म्हटलं की बरा होतो.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या अमेरिकेतल्या कारखान्यात पुन्हा मशिनं बनवायची आहेत, पण हाताने स्क्रेपिंग करणारं तिथं कोणी उरलं नाही, म्हणून मला शिकवायला बोलावलंय. सातवी शिकलेला फिटर मी. आजी म्हणाली, "साहेब व्हा खुशाल, पण तिकडे चहा स्वतःचा स्वतः करावा लागतो म्हणे."

पोरी, ही विद्या तिथलीच. बावीस वर्षांपूर्वी त्याच कारखान्यातून वॉल्टरसाहेब इथे सातपूरच्या आमच्या कारखान्यात शिकवायला आले. सपाट पाटाला निळा रंग लावून तो मशिनवर घासायचा. जिथे रंग लागतो तिथला केसाहून बारीक उंचवटा स्क्रेपरने, म्हणजे धारदार पोलादी पट्टीने, हाताने खरवडायचा. अगदी सपाट होईपर्यंत दिवसचे दिवस तेच. चुकलो तर ओरडत नसत, माझा हात धरून फिरवत. तसा शिकवणारा पुन्हा भेटला नाही. आपल्याकडे भाकरी-ठेचा खाऊन डोळे पुसत हसले होते.

खंडेनवमीला हत्यारं पूजेत, काम बंद. साहेबांनीही आपला स्क्रेपर माझ्या हत्यारांशेजारी मांडला, झेंडू वाहिला. मग हळूच विचारलं, "मोती, इथलं काम सुरू झालं तरी तिकडचं चालू राहील ना?"

तिकडची मशिनं खोक्यांत भरताहेत, हे मॅनेजरने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हणालो, "राहील, साहेब." खरं कळलं तर शिकवणं अर्धवट टाकून जातील, ही भीती.

शेवटच्या दिवसापर्यंत शिकवलं त्यांनी. जाताना तो स्क्रेपर मला दिला. नाताळात कार्ड आलं: त्यांच्या खात्यात मशिनांच्या जागी फरशीला नुसती भोकं उरली होती. तक्रारीचा एक शब्द नाही. मी उत्तर दिलं नाही.

त्या देशाने मशिनं पाठवली, नकाशे पाठवले. साहेबांच्या हातातलं कसब मात्र तिथं कोणी शिकून ठेवलं नाही. आपलं घर, तुझी शाळा, तुझं इंजिनिअरिंग, सगळं त्याच कसबावर झालं.

मी येईन. पण आधी साहेबांना शोध, ऐंशीच्या पुढे असतील. हे पत्र त्यांना इंग्रजीत वाचून दाखव, काही न गाळता. 'मोती नको' म्हणाले तर माझं तिकीट काढू नकोस. 'ये' म्हणाले, तर पहिल्या दिवशी पोरांसमोर खुर्ची त्यांची, मी बाजूला उभा.

यंदाही स्क्रेपरला झेंडू वाहिला. फडक्यात गुंडाळून तयार ठेवलाय.

तुझा आबा आणि साहेबांचा शिकाऊ,
मोतीराम