सातशे यार्डांची गोळी

विलो फोर्क, मोंटाना
२१ सप्टेंबर

प्रिय थोराताई,

धाकट्या हॅल्वरचा मनापासून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? वायोमिंगच्या त्या धुळीत तू खिडक्या सताड उघड्या टाकून झोपतेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा मी सहानुभूती दाखवणार नाही, नुसती चौकशी करतो. ती दुखरी दाढ काढलीस, की अजून तिच्याशी भांडतेच आहेस? इकडे आमचं नवरा-बायकोचं बरं चाललं आहे. बर्निस सध्या माझ्याशी जेवणापुरतंच बोलते, त्याचं कारण पुढे येईलच.

डोंगरी मेंढ्याचा परवाना यंदाच्या सोडतीत माझ्या नावावर निघाला, हे मी तुला जूनमध्ये फोनवर सांगितलं होतं. (त्यावर तू ‘बरं झालं’ म्हणालीस आणि चुलीवर काहीतरी उतू जातंय म्हणून फोन ठेवलास.) सत्तावीस वर्षं अर्ज भरत होतो, ताई. इथं माणसं अर्ज भरता भरता म्हातारी होतात. आपला पोस्टमास्तर फ्लॉइड गेला तेव्हा त्या वर्षीचा अर्ज टेबलावर तसाच भरलेला होता, तर त्याच्या बायकोनं तो कोटाच्या खिशात घालून त्याच्याबरोबरच पुरला. एक परवाना, एक मेंढा, आणि नोव्हेंबर संपला की खेळ खलास. या जन्मात पुन्हा नंबर लागायचा नाही. म्हणून मी भर चर्चमध्ये, कॉफीच्या वेळी, जाहीर करून टाकलं की हा मेंढा मी बाबांच्याच बंदुकीनं पाडणार, सातशे यार्डांवरून पाडणार, एका गोळीत पाडणार आणि कुणाचीही मदत न घेता पाडणार. प्रश्न राहिला एवढाच, की गोळी कोणती.

तू म्हणशील, यात काय एवढं? अगं, बाबांच्या काळात दुकानात दोन प्रकारच्या गोळ्या असायच्या, असलेल्या आणि संपलेल्या. आता डोरीनच्या दुकानात (हो, तीच डोरीन, नवऱ्याच्या पश्चात खिळे, चारा आणि बंदुका तीच विकते) एक अख्खी भिंत गोळ्यांच्या डब्यांनी भरली आहे. टोकाला लाल प्लास्टिक, निळं प्लास्टिक, टोकाला बारीक भोक, पोटात शिसं, पोटात काहीच नाही, नुसतं तांबं. मी तासभर उभा होतो. शेवटी डोरीन म्हणाली, “हॅल, लग्नाच्या वेळी एवढा विचार केला होतास का?” मग तिनं विचारलं, किती लांबून मारणार? मी म्हटलं, सातशे यार्ड. ती म्हणाली, “आणि जवळ का जात नाहीस? मेंढ्याला तुझा वास येतो?” मी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं आणि नेमबाजी क्लबचे अध्यक्ष डॉक्टर लेस्टर यांचा सल्ला घेतला. हे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून एकट्यानंच बोलायची सवय झालेली. त्यांचं म्हणणं असं की लांबच्या नेमाला लांबलचक, जड, निमुळती गोळीच हवी, तीच वारा कापते, बाकी सगळ्या गोळ्या म्हणजे वाटाणे. मी डोरीनकडची सगळ्यात लांब गोळी उचलली. तिनं बाबांच्या बंदुकीच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणारे आतले पीळ, किती इंचांत पूर्ण फिरतात, असं विचारलं. मी ठोकून दिलं, नऊ. मोजलं कुणी होतं?

आठवडाभर मी गॅरेजमध्ये बसून एकेक काडतूस हातानं भरलं, दारूचा दाणा न् दाणा तोलून. मग रविवारी क्लबच्या मैदानावर सगळ्यांदेखत, फक्त शंभर यार्डांवर, पाच गोळ्या झाडल्या. पुठ्ठ्यावर तीनच भोकं, आणि तीही गोल नाहीत, ताई! गोळीचा आडवा फोटो काढून चिकटवावा तशी लांबट भोकं. म्हणजे माझ्या गोळ्या नळीतून निघून कोलांट्या उड्या मारत, कुशीवर झोपून पुठ्ठ्यात शिरल्या होत्या. चौथी डॉक्टर लेस्टरच्या पुठ्ठ्यावर सापडली. पाचवी अजून कुठे आहे ते देव जाणे. डोरीननं तिथल्या तिथे सळईला फडकं गुंडाळून ती नळीत घातली आणि सळई एकदा पूर्ण फिरेपर्यंत किती आत जाते ते मोजून दाखवलं. बारा इंच. बारा इंचांत एकदा फिरणाऱ्या नळीतून आखूड गोळी सरळ जाते, पण लांब गोळीला तेवढी गिरकी पुरत नाही, ती लडखडते. हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकानं ते मला एकेकट्यानं येऊन समजावून सांगितलं.

पण मी हटणारा माणूस नाही. दुसऱ्या आठवड्यात आखूड गोळ्या आणल्या, टोकाला बारीक भोक असलेल्या, खास नेमबाजीच्या. काय सांगू! पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. त्या रविवारी मी डॉक्टर लेस्टरना हरवून बक्षिसाचं डुकराचं तंगडं घरी आणलं आणि डोरीनला सांगितलं की गोळी ठरली. ती म्हणाली, “पुठ्ठ्याला बरगड्या नसतात, हॅल. ही गोळी कधी सुईसारखी आरपार जाईल, तर कधी कातडीखालीच फुटेल. भिजवलेल्या कागदांवर झाडून बघ, मग बढाया मार.”

आता भिजवायला कागद आणू कुठून? गॅरेजच्या कोपऱ्यात चर्चच्या बायकांनी छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकांची खोकी अकरा वर्षं पडून होती, एकशेचाळीस प्रती. अकरा वर्षांत चार खपल्या, त्यातल्या दोन तुला आम्ही नाताळात दिल्या. मी सगळ्या गुरांच्या हौदात भिजवल्या, ओळीनं रचल्या आणि झाडलं. नेमबाजीची गोळी पहिल्याच पुस्तकात, सूपांच्या प्रकरणात, फुटून तिचा भुगा झाला. तसलीच दुसरी गोळी न फुटता सगळी पुस्तकं भेदून गेली. म्हणजे डोरीनचं म्हणणं शब्दशः खरं. मग तांब्याची शिकारीची गोळी झाडली. ती फुलासारखी उमलली, पण एकसंध राहिली आणि सव्विसाव्या पुस्तकात, बर्निसच्या स्वतःच्या ‘रूबार्ब पाय’ या गोड पदार्थाच्या पानावर, शांतपणे थांबली. मी आनंदानं ते पान बर्निसला दाखवायला नेलं. त्याच सकाळी चर्चच्या बायकांनी ठरवलं होतं की पुढच्या महिन्यात, मासळीच्या जेवणाच्या दिवशी, ही पुस्तकं विकायला मांडायची.

तर गोळी ठरली, तांब्याचीच. पण ती नेमबाजीच्या गोळीइतकी नेमकी जात नाही. तीनशे यार्डांवर बशीएवढ्या जागेत बसते, सातशेवर परातीएवढ्या. मेंढ्याचं काळीज बशीएवढंच असतं. सत्तावीस वर्षं वाट बघून त्या जनावराला पोटात गोळी घालून कड्याकपारीत तडफडत सोडायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून मी आता ठाम ठरवलं आहे: तीनशे यार्डांच्या पुढून घोडा ओढायचा नाही, मग लोक काय वाटेल ते म्हणोत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. प्रकृतीला जप, दाढ काढ, आणि माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझा धाकटा भाऊ,
हॅल्वर

ता. क. बर्निसनं तुझ्याकडच्या दोन्ही प्रती परत मागितल्या आहेत. विकायला आता तेवढ्याच उरल्या आहेत.

ता. क. २. मेंढे कड्याच्या माथ्यावर असतात आणि मला खालच्या पठाराच्या वर चढता येत नाही. उजवा गुडघा संपला आहे, ताई. पठारापासून माथा बरोबर सातशे यार्ड भरतो, म्हणून ते सातशे. डोरीनला मी उत्तर दिलं नाही ते याचसाठी, आणि बर्निसलाही अजून सांगितलेलं नाही. आता मला वर न्यायला तुझी दोन खेचरं दहा दिवस मिळतील का? चर्चमध्ये कुणी विचारलं तर म्हण, तुलाच त्यांना हवापालट द्यायचा होता.

ता. क. ३. तू एकतीस वर्षं अर्ज भरते आहेस, माझ्याआधीपासून, आणि नेमही तुझाच माझ्यापेक्षा चांगला. त्या दिवशी चुलीवर काही उतू जात नव्हतं, हे मला फोनवरच कळलं होतं. परवान्यावरचं नाव बदलता येत नाही, मी कचेरीत दोनदा जाऊन विचारलं. खेचरं नाही आणलीस तरी चालेल, पण तू ये.