मनगटाचं हाड

प्रिय रेमिल,

आज सकाळी दोन तास तुझ्याबद्दलच बोलणं चाललं होतं. बास्केटबॉलच्या टीममध्ये जागा एक आणि उंच पोरं दोन, तू आणि जोनेल. कॉफीत पान्देसालचे पाव बुडवत सगळे तुम्हा दोघांचे हातपाय तोलत होते. जोनेलचे हात म्हणजे लाकूड, दहातले चार बॉल सुटतात, यावर सगळ्यांचं एकमत. तुझे हात चांगले, पण पळताना पाय ओढतोस, हे मीच सांगितलं. बापाने पोराची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको. नवी पोरं हेरायचं काम क्लबने मला दिलंय, लाड करायचं नाही.

कोच बानाग मात्र तुझ्यावर खूश होता. म्हणाला, "जोनेल वीसचा झाला, आहे तेवढाच राहणार. रेमिल अठराचा आहे हो, अजून दोन इंच सहज वाढेल. मग त्याला अडवणार कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. जागा तुझी झाली होती.

सिबालोमची नगरपालिका आठवते ना? तू घरीच जन्मलास, नोंद करायची राहून गेली, आपल्याकडे निम्म्या गावाचं तसंच. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी कारकुनाला सात सांगितलं. तो तुला खालून वर बघत म्हणाला, "सात? काय भरवता हो याला, म्हशीचा चारा?" आणि शिक्का मारला. तुझी आई बाहेर आंब्याखाली उभी होती. दोनदा बोलावलं, आत आली नाही. पुढे शाळेच्या सामन्यांत तू लहान पोरांच्या डोक्यावरून बॉल टाकायला लागलास आणि सगळे तुला देवाची देणगी म्हणायला लागले. त्या पोरांपेक्षा तू चांगला नव्हतास रे, दोन वर्षांनी मोठा होतास. कधीतरी हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

माना डोलावून झाल्या आणि टीमचा डॉक्टर म्हणाला, उद्या दोघांच्या मनगटाचा एक्स-रे काढू, वाढ किती उरलीय ते हाडच सांगेल. म्हणजे खरं वयही हाडच सांगणार. तुला इथे आणणारा मी, तुझं वय लिहून खाली सही करणारा मी. तेव्हा मीच उठलो. म्हटलं, पोरगा वीसचा आहे. नोंद त्याच्या आईने केली, मी तेव्हा जहाजावर कामाला होतो, मला आत्ता कळलं. बानाग उठून माझ्याजवळ आला. म्हणाला, "स्वतःच्या पोराविरुद्ध खरं बोलायला छाती लागते." जागा जोनेलला दिली आणि त्याला तयार करायचं काम माझ्याकडे सोपवलं.

उद्या दहा वाजता तुला बोलावतील आणि विचारतील, नोंदीला कोण घेऊन गेलं होतं. आईने नेलं, एवढंच सांग. तिला जाऊन चार वर्षं झाली, तिचं आता कोण काय वाकडं करणार? तुझी जागा तर गेलीच, माझी राहू दे. हे पत्र वाचून फाडून टाक. आणि ती आंब्याखाली उभी होती, आत आली नव्हती, हे कुणापाशी बोलू नकोस.

तुझाच,
ताताय