दहानंतर वीस

३ जानेवारी १९८९

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे, बाकी सगळं पत्र रागात आहे. तेव्हा आधी पाणी पी, मग वाच.

अकरा वर्षं मी या शर्टाच्या कारखान्यात साईझ काढते. मास्तर एक शर्ट बेततात, त्यावरून सहा साईझचे कागदी पॅटर्न मी काढते. छाती इतकी वाढली की मुंढा (बाही जोडायचा घेर) किती, मुंढा वाढला की बाही किती, हे मला टेप न लावता कळतं. आणि काल साहेबांनी मला आणि काटकोनाला बोलावलं. (काटकोन म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. फार ताठ चालतो.) म्हणाले, कॉम्प्युटर आलाय, त्याची बेसिक नावाची भाषा सहा आठवड्यांत शिका. अठरा फेब्रुवारीला परीक्षा. मशीनकडून सहा साईझची मापं जो काढून दाखवेल तो पॅटर्नच्या खोलीत राहील. ज्याला जमणार नाही तो पॅकिंगला.

पॅकिंगला, दादा! शर्टात पुठ्ठा सरकवायचा, चार टाचण्या मारायच्या, पिशवीत घालायचा. दिवसाला चारशे. पेन्सिल हातात धरायची ती खोक्यावर नंबर टाकायला.

मशीन काचेच्या खोलीत कुलूपबंद असतं. दर गुरुवारी प्रत्येकाला अर्धा तास, तोही साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत असताना. भाषा एकवीस दिवसांत येते असं ते म्हणतात, कारण पुस्तकावर तसं छापलंय. मी विचारलं, तुम्हाला किती दिवसांत आली? तर म्हणे त्यांना कारभार बघायचा असतो.

तू क्लासमध्ये हेच शिकवतोस. मी कागदावर प्रोग्रॅम लिहून पाठवत जाईन. तू तुझ्या मशीनवर घाल आणि काय झालं ते कळव. पहिला सोबत जोडलाय. पुस्तकात बघून केलाय, हसू नकोस.

लोभ असू दे, उपदेश नसला तरी चालेल.
तुझी,
टोचणी

११ जानेवारी

चि. टोचणीस,

अ. उ. आ. पाणी प्यायलो. दोन ग्लास.

तुझा प्रोग्रॅम चालला! सहा साईझची छाती सहा ओळींत आली. तुझी वहिनी क्लासच्या ऑफिसात टायपिंग करते, तीही उठून बघून गेली. पहिल्या झटक्यात चालणारे माझ्या वर्गात चाळिसांत दोन निघतात, आणि ते दोघेही फार शिष्ट असतात. तू होऊ नकोस.

एक सांगतो. ओळींना नंबर देताना दहा, वीस, तीस असेच देत जा, आता दिलेस तसे. मशीन नंबरांच्या क्रमानं वाचतं. काही राहिलं तर मध्ये पंधरा नंबर देऊन घालता येतं.

आता मुंढ्याचा कर. साहेबांचं मनावर घेऊ नकोस. तुला जमतंय.

आशीर्वाद आहेतच, डोकं थंड ठेव.
दादा

२० जानेवारी

ती. दादास,

सा. न. तेवढाच, कारण वि. वि. करायच्या मनःस्थितीत मी नाही.

मुंढ्याचाही चालला असं तू कार्डावर कळवलंस, म्हणून काल गुरुवारी छाती ताणून काचेच्या खोलीत गेले. माझ्या वहीतून ओळन् ओळ तीच उतरवली. मशीन म्हणालं, ओळ चाळीसमध्ये चूक. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा साहेब घसा खाकरले. मी त्यांना ठणकावून सांगितलं की तुमचं मशीन बिघडलंय. हाच प्रोग्रॅम माझ्या दादाच्या मशीनवर पहिल्या झटक्यात चाललाय.

बरं, मी एवढ्या खात्रीनं म्हटल्यावर त्यांनी खरंच मेकॅनिकला बोलावलं. तो आज बस पकडून आला, झाकण उघडलं, फुंकर मारली, दहा मिनिटं काहीबाही टाइप केलं आणि मशीन ठणठणीत आहे म्हणून सही करून गेला. मग साहेबांनी कटिंगच्या सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं की बाईंना नाचता येत नसेल तर अंगण बदलून द्यायचं का. सगळे हसले. कात्री चालवणारे हसले, बटणवाल्या हसल्या. काटकोन हसला नाही, त्याचा मला जास्तच राग आला.

मशीन-मशीनमध्ये फरक असतो का, एवढं मला कळव. लगेच.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
टोचणी

२८ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. तुमचे दादा ते शर्टाच्या खिशात घालून फिरतायत. उत्तर मात्र लिहीत नाहीत. म्हणून मीच लिहितेय. त्यांना सांगितलेलं नाही.

सोबत दोन कागद आहेत. क्लासच्या मशीनवर तुमचे प्रोग्रॅम चालले त्याची ही छापील प्रत. तुमच्या वहीशी ताडून बघा. तुम्ही दहा, वीस, तीस लिहिलंत. यात बघा, दहा, वीस, पंचवीस, तीस, पस्तीस, छत्तीस. पाचाच्या आणि सहाच्या ओळी त्यांच्या. चाळीस तर अख्खी बदललीय.

तुमचा एकही चालला नव्हता, वन्सं. मी उठून बघायला गेले ते खरं, पण ते ओळी घालत होते म्हणून. मी म्हटलं की हे तिला कळवा, तर म्हणाले आता नको, खचेल. मी लोकरीचं काही विणत असले तर मी उठून गेल्यावर सुटलेले टाके हे उचलून ठेवतात. अजून मला धड विणता येत नाही.

राग आला तर माझ्यावरही काढा, मी दोन आठवडे गप्प बसले.
तुमची वहिनी

३१ जानेवारी

दादा,

आज नमस्कार नाही.

मशीन बिघडलं नव्हतं. मी बिघडलेली होते, आणि ते तुला माहीत होतं. मेकॅनिक येऊन फुंकर मारून गेला तेव्हाही तुला माहीत होतं! अख्खा कारखाना मला हसला आणि तू पत्र खिशात घालून फिरतोयस. इस्त्रीचा शर्ट असेल, चुरगळला असेल, वाईट वाटलं.

खचेल म्हणे. चौथीत मी पाच पायांचा घोडा काढला होता. तू रात्रीतून एक पाय खोडलास आणि मला बक्षीस मिळालं. बाईंनी वर्गात विचारलं, पळताना याचे पाय असे का दिसतात, सांग. मला काय माहीत? माझा घोडा पाच पायांवर पळत होता, म्हणून तर पाचवा काढला होता. बारावीनंतर ड्रॉइंगच्या तीन वर्षांच्या कोर्सचा अर्ज भरला, तो टाकायला तुझ्याकडे दिला. उत्तर आलं शिवणाच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं. तू म्हणालास, ड्रॉइंगला जागा नव्हती. नंतर आईनं सांगितलं, अर्ज तूच बदललास, मला झेपणार नाही म्हणून. मी काही बोलले नाही. अकरा वर्षं त्याच सहा महिन्यांवर साईझ काढतेय आणि आता ते टेबलही जायची वेळ आली. अठरा दिवस उरलेत. सहा आठवड्यांतले चार तू खाल्लेस.

सोबत बाहीचा प्रोग्रॅम आहे. आहे तसा घाल. मशीन काय बोलतं ते शब्दन् शब्द कळव, शिवी असली तरी. आणि नंबर बघून घे. एक, दोन, तीन, चार, अशा तेवीसपर्यंत. मध्ये बोट शिरायला जागा नाही ठेवलेली. आता घुसून दाखव.

बहीण

६ फेब्रुवारी

चि. टोचणीस,

अ. उ. आ. लिहू की नको असं झालं, पण लिहिले. नको असतील तर खोड.

तीन दिवस मीही तुझ्यावर धुमसत होतो. फुकट शिकवा, वर बोलणी खा. मग तुझ्या वहिनीनं विचारलं की वर्गातल्या चाळीस जणांच्या वहीत लाल पेन चालवताना तुमचा हात कधी थांबलाय का? नाही थांबत. त्यांच्या चुका मला दिसतात, तोंडं आठवत नाहीत. तुझ्या कागदावर पेन टेकवलं की ते घोड्याच्या वेळचं तोंड करून तू समोर उभी. ही सबब नाही. झालं ते असं झालं.

अर्जाचं तुला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. तो मीच बदलला.

बाहीचा चालला नाही. मशीन तीनदा थांबलं. सिंटॅक्स एरर, ओळ चार. सिंटॅक्स एरर, ओळ अकरा. मग म्हणालं की फेरा सुरू केलास, पण परत फिरायला कुठे सांगितलंच नाहीस. पहिल्या दोन प्रोग्रॅममध्ये मी लपवलेल्या चुका मागच्या पानावर आहेत, एकूण एकोणीस. कुठलीही दुरुस्त करून दिलेली नाही, फक्त मशीन काय म्हणालं आणि आकडा काय आला, एवढंच. सातवी नीट बघ. तिथे मशीन काहीच बोलत नाही, गुमान खोटं माप देतं. प्रत्येक साईझला माप पुन्हा मुळावर आणायचं असतं, तू ते आधीच्याच्या डोक्यावर चढवत गेलीस. (बघ, हे सांगायचं नव्हतं, सांगून गेलो.)

नंबर एकेक दिलेस, त्याबद्दल मला काही म्हणायचंय. पण म्हणणार नाही.

दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. काल परीक्षा झाली. तुझ्यावर अजून चिडलेलीच आहे, आणि आता एक नवीन कारण मिळालंय.

नऊ दिवस तुझी यादी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. दुपारच्या सुटीत डबा एका हातात आणि यादी दुसऱ्या हातात. एकोणीसच्या एकोणीस चुका मी मुद्दाम पुन्हा केल्या, मागच्या दोन गुरुवारी, साहेबांसमोर. ते म्हणाले, बाई, तुम्ही उलट्या दिशेनं शिकताय. मी म्हटलं, हो, सरळ दिशेचं आमच्या घरी बघून झालंय.

काल काटकोनाचं अर्ध्या तासाऐवजी बारा मिनिटांत झालं. हाताची घडी घालून बसला. मग माझी पाळी. मशीन एकदाही थांबलं नाही, सरळ सहा साईझ छापल्या. साहेब मान डोलवायला लागले. मी शेवटचा आकडा बघितला. सहाव्या साईझची बाही साडेऐंशी सेंटीमीटर! असा माणूस मी अकरा वर्षांत बघितला नाही, हात गुडघ्याला लागायचे त्याचे. मशीन गप्प आणि माप खोटं. सातवी चूक! साहेबांच्या लक्षातही आलं नव्हतं, पण मीच ओरडले की थांबा, हे चुकलंय.

हवी होती फक्त एक ओळ. बाही पुन्हा मूळ मापावर आण, एवढीच. ओळ सहाच्या नंतर, ओळ सातच्या आधी. आणि सहा आणि सातच्या मध्ये, दादा, काहीच नव्हतं. तुला घुसू द्यायचं नाही म्हणून मी जागाच ठेवली नव्हती, तर आता मलाच घुसता येईना. तेवीसपर्यंतच्या सगळ्या ओळी खाली सरकवून पुन्हा टाइप केल्या. साहेब घड्याळ बघत होते, काटकोन छताकडे. प्रत्येक अक्षर बडवत होते, रागानं. साहेबांच्या, तुझ्या, पण जास्त करून माझ्याच. चार मिनिटं उरली असताना सहावी बाही साडेपासष्ट आली. मी टेप काढून माझ्या जुन्या कागदी पॅटर्नवर लावला आणि साहेबांना दाखवला. साडेपासष्ट.

मी राहिले. काटकोनही राहिला. पॅकिंगला कोणीच गेलं नाही, त्याचं साहेबांना जरा वाईटच वाटलेलं दिसलं. जाताना मी काचेच्या खोलीची किल्ली मागितली. दिली नाही. उद्या पुन्हा मागणार आहे.

तर नंबरांबद्दल तुला म्हणायचं होतं आणि तू म्हणाला नाहीस! नको तिथे वीस वर्षं बोललास आणि नेमका तेव्हा गप्प बसलास. पण गप्प बसलास म्हणून हा नमस्कार वर लिहिलाय, पूर्ण.

वहिनीला सांग, सुटलेले टाके स्वतःच उचलायचे. ड्रॉइंगच्या संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज मी आज भरला. टपालात मीच टाकला.

सोबत कॉलरचा नवा प्रोग्रॅम आहे. चालणार नाही, मला माहीत आहे. मशीन काय म्हणतं तेवढंच कळव. नंबर पुन्हा दहा, वीस, तीस असे दिलेत. मधल्या नऊ-नऊ जागा मोकळ्या आहेत, आणि त्या माझ्या आहेत.

लोभ आहे तिथेच राहू दे, फक्त पेन खाली ठेव.
तुझी,
टोचणी