आयरिसचा वाफा

मोठी आई, गेल्या आठवड्यात आयरिसचे कंद पुन्हा माझ्या हातात आले. पांढुर्ण्याच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंचं माहेर पचमढीचं. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते, आल्यासारखे वेडेवाकडे, धुळकट. मी आधी नाकाशी नेले. वास कसलाच नव्हता, तरी मी कागद लांब धरला. बाई हसल्या, "काय वो, मेला उंदीर देऊन राहिली का मी तुम्हाले?"

सौंसरच्या घरामागे, मोरीला लागून तुझा वाफा होता. मोठे बाबा जंगलखात्यात. पचमढीहून बदली झाली तेव्हा त्यांनी हे कंद आणले. शाळेत घालण्याआधी तू मला, तुझ्या नातीला, त्याच वाफ्याशी बसवून काडीनं मातीत अक्षरं गिरवायला शिकवलंस. 'ळ' जमेना तेव्हा माझा हात हातात धरलास. एका हिवाळ्याअखेर एकच जांभळं फूल आलं, तर तू गल्लीभर बायकांना बोलावून दाखवलंस. आपल्याकडे कंद म्हटला की हळदीसारखा लावतात. तूही तसाच लावलास: खोल गाडून, वर शेणखताचा थर देऊन. रोज भांड्यांचं पाणी त्यातच ओतायचीस.

मी शहाणी झाले त्या वर्षीचा श्रावण. पावसाची झड लागलेली. मी मागच्या पडवीत दूर बसले आहे. वाफ्यात कोंबडी शिरते, तिला हाकलायला मी उठते, आणि एक वाकलेलं पान सरळ करायला जाते. पान हातातच येतं. बुडाशी पिवळट लगदा, आणि त्याची अशी घाण की शेजारची काकू कुंपणावरून विचारते, "काऊन वो, घरात काही मेलं का?"

तू म्हणालीस, "आमची पोट्टी शिवली ना वाफ्याले. पाहा, कसं सडून राहिलं."

"बाप्पा! एका हातात अख्खा वाफा? मग हिले आमच्या वावरात सोडा, तण सडते, निंदण वाचते."

दोघी हसलात. मग तू मला म्हणालीस, "आता तुह्यानंच बाटलं, तूच उपस."

मी उपसलं. वरून साल धड, बोट लावलं की आत पू. त्यात अळ्या. तू नाकाला पदर लावून लांब उभी होतीस, आणि शेवटी माझ्या हातांवर उंचावरून पाणी ओतलंस, थेंब आपल्यावर उडू नये म्हणून मागे सरकत. त्यानंतर कितीतरी दिवस मी दहीभात चमच्यानं खाल्ला. बोटांना भात लागला की तो लगदाच लागल्यासारखं वाटायचं. त्याच हिवाळ्यात तू गेलीस. मी मात्र दर महिन्याला तुळशीपासून, लोणच्याच्या बरणीपासून, शाळेतल्या कुंड्यांपासून हात आखडत राहिले.

बाई सांगत होत्या, "हळदीवानी गाडू नका. पाठ उन्हात उघडी ठेवा. खत नको, पाणी बेताचं. नाहीतर असं सडते, काही विचारू नका."

मी विचारलं, "आणि भलत्या दिवशी हात लागला तर?"

"पाण्यानं सडते वो बाई. हातानं काऊन सडन?"

हलकं वाटायला हवं होतं. किळस आली. त्या लगद्याची नाही, तुझी. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तू दारातून परत पाठवायचीस. आणि वाफ्यात साचलेलं पाणी तुला दिसलं नाही? मोरीतली बादली तुझ्याच हातात असायची. मी दिसले, कारण मला दोष देणं सोपं होतं.

कंद आणले त्या दिवशी मी नेमकी बाहेरचीच होते. आईनं ओट्यावरून हाक मारली, "चार दिस थांब ना, पळून चालले का ते?" मी थांबले नाही. दोन्ही हातांनी माती सारखी केली, कंदांच्या पाठी उघड्या ठेवल्या.

हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर टाकू? आणि आईच्याही हाती पडू देणार नाही, कारण पुढचं तिला कळायला नको. रोज सकाळी, चहाच्या आधी, मी वाफ्याशी ओणवी होऊन वास घेते. अजून तरी काही नाही. पण यातला एक जरी कंद मऊ लागला, तर मला आधी पाणी आठवणार नाही, माझे हात आठवतील. मी तुझं खरं मानीन. तुझ्यापेक्षा याचीच मला जास्त किळस येते.